सिबिल ‘दुरुस्त’ करून देणारे नेमकं काय विकतात?

‘सिबिल खराब? लोन रिजेक्ट? ३० दिवसांत ७५० प्लस. शंभर टक्के गॅरंटी. फी फक्त ४,९९९.’ खाली एक मोबाईल नंबर. पत्ता नाही, कंपनीचं धड नाव नाही. अशा जाहिराती फेसबुकवर दिसतात, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरतात, कधी झेरॉक्सच्या दुकानाच्या काचेवर चिकटवलेल्या असतात. सोलापुरात त्यांना गिऱ्हाईक भरपूर. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला असलेला पोरगा गाडी घ्यायला शोरूमला जातो, चार माग चालवणारा छोटा कारखानदार खेळत्या भांडवलासाठी बँकेत जातो, विडी वळणारी एखादी अक्का कर्जाच्या गटाबाहेर स्वतःच्या नावावर कर्ज मागते, आणि समोरचा माणूस कॉम्प्युटरकडे बघून म्हणतो, ‘सिबिल बसत नाही.’ म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून काढलेला तुमचा आकडा, ज्याला सगळे ‘सिबिल’ म्हणतात, तो कमी पडतो. का बसत नाही, हे बहुतेक वेळा कुणी समजावून सांगत नाही. तेवढीच फट सिबिल ‘दुरुस्त’ करून देणाऱ्या एजंटाला पुरते.

मी हिशेबाची आणि रिटर्न भरण्याची कामं करतो. त्यामुळे हे लोक माझ्याकडे येतात, पण बहुतेक वेळा एजंटाला पैसे देऊन झाल्यावर. आधी येणारे कमी. म्हणून हा विषय मुळापासून मांडतो.

आपल्या देशात कर्जाची माहिती जमा करणाऱ्या, रिझर्व्ह बँकेची मान्यता असलेल्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ साली यांच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. तुम्ही बँकेकडून, फायनान्स कंपनीकडून, क्रेडिट कार्डावर किंवा मायक्रोफायनान्सच्या गटातून जे कर्ज घेता, त्याची माहिती कर्ज देणारी संस्था (पुढे तिलाच सावकार म्हणतो) या कंपन्यांना पाठवते. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती निदान दर पंधरवड्याला पाठवायची असा नियम रिझर्व्ह बँकेने केला. त्या माहितीवरून कंपनी ३०० ते ९०० च्या दरम्यान एक आकडा काढते. तोच तुमचा स्कोअर.

आता यातली एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, बाकीचं आपोआप उलगडतं. रिपोर्टमधल्या कर्जाच्या नोंदी सिबिल स्वतः लिहीत नाही आणि स्वतःच्या मनाने खोडतही नाही. त्या बँकेने पाठवलेल्या असतात. बदल करायचा तर ज्या बँकेची नोंद आहे तिनेच ‘होय, चूक आहे’ असं म्हणावं लागतं. म्हणजे चुकीची नोंद असेल तर ती काढण्याचा रस्ता बँकेतून जातो आणि तो फुकट आहे. नोंद खरी असेल तर ती काढण्याचा रस्ताच नाही. एजंट एक तर तुमचाच फुकटचा हक्क तुम्हाला विकतो, नाहीतर जे होऊ शकत नाही ते विकतो.

तरीही तो खरा का वाटतो? आपल्याला एजंटाची सवय आहे म्हणून. आरटीओला एजंट, दाखल्याला एजंट, सातबाऱ्याच्या नोंदीला ओळखीचा माणूस. ‘साहेबाला सांगून काम करून देतो’ हे वाक्य इथे कुणाला खोटं वाटतच नाही. मग फोनवर बोलणं असं होतं:

‘अण्णा, तुमचं प्रोफाईल मी बघितलं. हे आतून काढावं लागतंय.’

‘किती दिवस लागतील ओ?’

‘वरच्या साहेबाकडं फाईल गेली की महिन्यात होतंय बघा. तुम्ही आधार, पॅन आणि एक ओटीपी येईल तेवढा पाठवा की.’

तीन वाक्यांत तीन थापा. तुमची संमती नसताना तुमचा रिपोर्ट उघडायचा अधिकार त्याला नाही, त्यामुळे ‘बघितलं’ म्हणजे एक तर काहीच बघितलेलं नाही, नाहीतर बेकायदा बघितलंय. ‘आतून’ असं काही नसतं. आणि साहेब तर कुठेच नसतो. ओटीपी मात्र खरा असतो, आणि सगळा धोका त्यातच आहे. त्यावर पुढे येतो.

पैसे घेतल्यावर हे लोक करतात काय, हे बघण्यासारखं आहे. सगळ्यात साधा एजंट काहीच करत नाही. महिनाभर ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणतो आणि मग नंबर बंद. त्याच्यापेक्षा जरा हुशार असलेला तुमच्या नावाने सिबिलच्या साइटवर दिसेल त्या प्रत्येक नोंदीविरुद्ध तक्रार टाकतो. तक्रार चालू असेपर्यंत त्या नोंदीवर ‘वादग्रस्त’ असा शेरा दिसतो. त्याचा स्क्रीनशॉट तुम्हाला पाठवतो, ‘बघा, काम सुरू झालं’ म्हणून उरलेली फी घेतो. पुढे बँक कळवते की नोंद बरोबर आहे, शेरा निघून जातो, नोंद जिथल्या तिथे. तोवर एजंट दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेलेला असतो.

तिसरा प्रकार रिपोर्टच बदलून देतो. म्हणजे पीडीएफ उघडून ६१२ चे ७६२ करतो. याला काय म्हणावं! कर्ज देणारी बँक तुम्ही आणलेल्या कागदावर विसंबत नाही, ती स्वतः थेट कंपनीकडून रिपोर्ट काढते. त्यामुळे तो कागद फक्त तुमच्या समाधानापुरता. कधीकधी याच्या जोडीला बँकेचं खोटं ‘नो ड्यूज’, म्हणजे काही बाकी नाही असं, प्रमाणपत्रही बनवून देतात. ते तुम्ही कुठे सादर केलंत तर बनवणारा नामानिराळा आणि अर्जावर सही तुमची. खोटा कागद खरा म्हणून वापरणं हा गुन्हा आहे, मग तो कुणीही बनवून दिलेला असो.

असाच एक सल्ला म्हणजे ‘नवीन पॅन काढू, नवीन पॅनला कोरा स्कोअर’. एका माणसाला दोन पॅन ठेवता येत नाहीत, सापडल्यास आयकर खातं दहा हजार रुपये दंड लावू शकतं. शिवाय रिपोर्टची जुळवणी एकट्या पॅनवर होत नाही. नाव, जन्मतारीख, मोबाईल, पत्ता हे सगळं ताडून बघितलं जातं, त्यामुळे जुनं कर्ज नवीन पॅनच्या मागे चालत येण्याची शक्यता दाट.

चौथा प्रकार मला सगळ्यात वाईट वाटतो, कारण त्यात हप्ता फेडायची ऐपत असलेला माणूसही बुडतो. ‘हप्ते भरणं थांबवा, आम्ही बँकेशी बोलून निम्म्यात सेटलमेंट करून देतो, मग सिबिल क्लिअर.’ माणूस चार-सहा महिने हप्ते थांबवतो. ते प्रत्येक महिन्याचे थकलेले दिवस रिपोर्टवर चढतात. पुढे सत्तर हजारांच्या बाकीपैकी चाळीस हजारांत तडजोड झालीच, तर खात्यासमोर ‘सेटल्ड’ असं लागतं. ऐकायला बरं वाटतं, पण पुढच्या बँकेला त्याचा अर्थ एवढाच कळतो की या माणसाने पूर्ण पैसे दिलेले नाहीत. म्हणजे सिबिल सुधारायला गेलेल्या माणसाचं सिबिल या सल्ल्यानेच बिघडलं, आणि एजंटाने वर कमिशन घेतलं. नोकरी गेली, आजारपण आलं, खरोखर फेडणं अशक्य झालं, तर तडजोड हा मार्ग आहेच. पण ती बँकेशी स्वतः बोलून, लेखी पत्र हातात घेऊन करायची. ‘कर्जमाफीचं प्रमाणपत्र’ देतो म्हणून सेवाशुल्क उकळणाऱ्यांबद्दल तर रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर इशाराच दिला होता.

आता ओटीपी. तुमचा आधार, पॅन, सेल्फी आणि ओटीपी एकदा दुसऱ्याच्या हातात गेले की तुमच्या नावावर मोबाईलवरून कर्ज निघू शकतं. नियमाप्रमाणे डिजिटल कर्जाची रक्कम कर्जदाराच्याच बँक खात्यात जमा व्हावी लागते. मग भामट्याला काय फायदा? तो फोन करतो: ‘मावशी, तुमच्या खात्यात सिबिल सुधारायचं फंडिंग आलंय बघा, पस्तीस हजार. ते या नंबरवर परत टाका, म्हणजे व्यवहार दिसेल आणि स्कोअर चढेल.’ मावशी प्रामाणिक, परक्याचे पैसे कशाला ठेवा म्हणून लगेच टाकते. महिन्याने हप्त्याचा मेसेज येतो. सही तिची, चेहरा तिचा, पैसे तिच्याच खात्यात आलेले. हे सोडवायला फार जड जातं. फोनवर स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगितलं तरी तोच खेळ, म्हणून कुणी तसलं ॲप टाकायला सांगितलं की तिथेच फोन ठेवायचा.

अमेरिकेत या धंद्यासाठी १९९६ साली कायदा झाला. काम पूर्ण होण्याआधी पैसे घेता येत नाहीत आणि केलेला करार कामकाजाच्या तीन दिवसांत मोडता येतो. आपल्याकडे या धंद्यावर असा वेगळा कायदा नाही, तेव्हा ती चाळणी आपल्यालाच लावायची. आधी पैसे मागितले, किंवा आकड्याची गॅरंटी दिली, किंवा बँकेशी तुम्ही बोलू नका असं सांगितलं, तर यातली एक गोष्टही पुरे. तिन्ही जमायची वाट बघू नका.

स्वतः करायचं म्हणजे काय करायचं? आधी रिपोर्ट काढा. चारही कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, हा नियम २०१७ पासून आहे. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर जायचं. तिथे पैसे भरून घ्यायचे प्लॅन ठळक दिसतात आणि वार्षिक फुकट रिपोर्टची ओळ जरा शोधावी लागते, पण ती असते. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की लोक भीतीपोटी रिपोर्ट उघडतच नाहीत.

रिपोर्ट हातात आला की आकडा बघून घाबरू नका किंवा खूशही होऊ नका, थेट खात्यांच्या पानावर जा. समजा, कुणी तीन वर्षांपूर्वी हप्त्यावर मोबाईल घेतलाय. खात्याच्या चौकटीत सावकाराचं नाव, कर्ज कधी घेतलं, शेवटचा हप्ता कधी भरला, आज बाकी किती, थकबाकी किती हे दिसतं. त्याखाली महिन्यांचे छोटे चौकोन असतात. सिबिलच्या रिपोर्टमध्ये मागच्या ३६ महिन्यांपर्यंतचे. चौकोनात ००० म्हणजे हप्ता वेळेवर. ०३० म्हणजे तीस दिवस उशीर, ०९० म्हणजे नव्वद. आता या माणसाने सगळे हप्ते भरलेत, पण एकदा खात्यात पैसे नव्हते म्हणून हप्ता परत गेला आणि त्याचा पाचशे-सहाशे रुपयांचा दंड लागला. तो त्याला माहीतच नाही. कर्ज संपलं अशा समजुतीत तो आहे, आणि रिपोर्टवर थकबाकी ५९० रुपये, चौकोनांत ३०, ६०, ९० असे चढत गेलेले आकडे. पुढे कधीतरी कंपनी ती रक्कम बुडीत धरून ‘रिटन ऑफ’ लिहून टाकते. गाडीचं कर्ज अडलंय ते या ५९० रुपयांपायी. एजंटाला पाच हजार देण्यापेक्षा ते भरून, पावती आणि ‘नो ड्यूज’ पत्र घेऊन, खातं बंद दाखवा असा अर्ज करणं कितीतरी स्वस्त.

आपल्या भागात आणखी दोन गोष्टी हमखास निघतात. एक, जामीनकी. सहकारी बँकेत मित्राला, भावकीतल्या कुणाला जामीन राहिलेलो असतो आणि विसरून जातो. ते कर्ज थकलं की त्याची झळ जामीनदाराच्या रिपोर्टलाही बसते. दोन, गटाचं कर्ज दुसरीला ‘नावावर काढून देणं’. विडी कामगार वस्त्यांमध्ये, कुंभारीपासून शहरातल्या गल्ल्यांपर्यंत, शेजारणीच्या अडचणीला धावून जायची ही रीत आहे. पण कागदावर जिचं नाव तिचंच ते कर्ज. शेजारणीने हप्ते बुडवले तर रिपोर्ट खोटा नसतो, आणि तक्रारीने तो बदलतही नाही. हे सांगताना वाईट वाटतं, पण इथे एजंट जे आश्वासन देतो ते तर निव्वळ फसवणूक आहे.

चूक खरोखर सापडली, म्हणजे तुम्ही न घेतलेलं कर्ज, फेडलेलं पण चालू दिसणारं कर्ज, एकच कर्ज दोनदा, नाहीतर नाव-जन्मतारीख चुकीची, तर त्याच कंपनीच्या साइटवर तक्रार नोंदवायची सोय आहे. फी शून्य. सोबत बँकेलाही लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. पोच मिळेपर्यंत काउंटर सोडू नका, बँकेने ‘ई-मेल करा’ म्हटलं तर ई-मेल करा आणि तो जपून ठेवा. कारण पुढे दिवस मोजायचे असतात. तक्रार तीस दिवसांत निकाली काढायची आहे, त्यातले पहिले एकवीस दिवस बँकेचे. तीस दिवस उलटले तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तुम्हाला द्यायची, असं रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरवलं आणि एप्रिल २०२४ पासून ते लागू आहे. ज्याच्यामुळे उशीर झाला त्याने ती द्यायची. गंमत बघा, ज्या कामासाठी लोक एजंटाला पैसे मोजतात, त्याच कामाला उशीर झाला तर उलट त्यांना पैसे मिळायला हवेत, आणि हे माहीत असलेला माणूस मला क्वचितच भेटतो.

महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. ऑनलाइन तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे, तेही मोफत. सप्टेंबर २०२२ पासून या चार कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. एक लक्षात ठेवा, लोकपाल बँकेला आणि क्रेडिट कंपनीला जाब विचारतो. एजंटाला नाही, कारण तो रिझर्व्ह बँकेच्या हिशेबात कुणीच नसतो.

नोंदी खऱ्या असतील तर? मग थकलेलं आधी भरायचं, आणि पुढचे चौकोन ००० ने भरत जायचे. जुने उशीर ३६ महिन्यांच्या पट्टीतून हळूहळू मागे सरकतात. ‘सेटल्ड’ खात्याचा उरलेला फरक भरायची तयारी असेल तर बँकेशी बोलून पूर्ण भरणा करता येतो आणि खातं बंद म्हणून कळवायला सांगता येतं. क्रेडिट कार्ड असेल तर मर्यादेच्या साधारण तीस टक्क्यांच्या आत वापरा. कार्डच नसेल तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्या. एजंट याच कार्डाला ‘स्कोअर बूस्टर’ म्हणून विकतात, बँकेत ते थेट मिळतं. एकाच आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज करू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर उमटते. निकडच असेल तर सोनेतारण बघा, तिथे तारण सोन्याचं असल्यामुळे स्कोअरवर फारसं अडत नाही, आणि वेळेवर फेडलं तर त्याचीही चांगली नोंद होते.

आणि ज्याने आजवर कर्जच घेतलेलं नाही, त्याच्या रिपोर्टवर स्कोअरच्या जागी उणे एक किंवा ‘एनएच’ (नो हिस्टरी, म्हणजे इतिहासच नाही) दिसतं. ते खराब सिबिल नव्हे. केवळ पूर्वीचं कर्ज नाही एवढ्यावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे. कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांना ‘तुझं सिबिल मायनसमध्ये आहे’ म्हणून घाबरवून पैसे काढणारे एजंट आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पैसे किंवा कागद देऊन बसला असाल तर लाजू नका, वेळही घालवू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असते तोवर ती मध्येच अडवता येते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक लिहून ठेवा, आणि स्वतःच्या बँकेत जाऊन खात्यावर नजर ठेवायला सांगा. व्हॉट्सॲपवरचं बोलणं, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, जाहिरातीचा फोटो, काहीच पुसू नका. शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालयाच्या सायबर विभागात, तालुक्यात असाल तर जवळच्या ठाण्यात हे सगळं घेऊन जा. फी घेऊन काम न केल्याबद्दल ग्राहक आयोगाचाही मार्ग आहे, त्याची विचारपूस १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर होते. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत चारही रिपोर्ट काढून बघा. नवीन कर्ज चढलेलं दिसलं तर पोलीस तक्रारीची प्रत जोडून त्याच दिवशी त्या सावकाराकडे आणि त्या क्रेडिट कंपनीकडे लेखी हरकत घ्या.